लाकूड दिसेपर्यंत

आगाशेबाई पाचवीची हजेरी घ्यायला लागल्या की व्हरांड्यातून जाणाऱ्याला वाटावं, आतला अर्धा वर्ग मुका आहे. पहिली वीसेक नावं ठीक जायची. 'हजर बाई, हजर बाई' असा कोरस चालायचा. मग एकदम शांतता. "गंगू पांडुरंग." कुणी बोलत नसे. "सखू हरी." पुन्हा कुणी नाही. "चांगुणा लक्ष्मण." प्रत्येक नावानंतर बाई मान वर करून दाराकडे बघत, मनातल्या मनात तीन आकडे मोजावेत इतका वेळ थांबत, आणि मगच गैरहजेरीची खूण करत. अशी नऊ नावं होती, नऊही मुलींची. आणि त्या नवांतली एकही मुलगी आमच्या शाळेत कधी आलेली नव्हती.

मी वेसाव्याच्या त्या शाळेत नुकताच रुजू झालो होतो. पन्नास सालानंतरची दोन-तीन वर्षं झाली असतील. मी राहायला पारल्याला. अंधेरी स्टेशनवरून बस मिळाली तर बस, नाही तर छत्री काखोटीला मारून चालत. माझ्याकडे गणित होतं, आणि मास्तरकीकडे मी पोटापाण्याची सोय म्हणूनच बघत होतो, हे उगाच लपवत नाही. एक दिवस मी मधल्या सुट्टीत विचारलं, "बाई, या मुली कोण?"

"मढच्या. चौथी पास झाल्यात."

"पण दाखल कुठे झाल्यात?"

"होतील," बाई म्हणाल्या आणि डबा उघडून भाकरी खाऊ लागल्या.

मढ म्हणजे खाडीच्या पलीकडचा काठ. आमच्या शाळेच्या खिडकीतून तिथली झाडं मोजता येत. तिथे शाळा चौथीपर्यंतच. पुढे शिकायचं तर तरीच्या होडीत बसून वेसाव्याला यायचं. मुलगे यायचे, मासळीच्या टोपल्यांवर बसून, एकमेकांना ढकलत, अर्धे भिजून यायचे. मुलींना कोण पाठवणार? ती होडी भरायची टोपल्यांनी आणि बाप्यांनी, आणि सुटायची भरतीच्या आणि तरवाल्याच्या मर्जीने. तेव्हा मुलींचं शिक्षण चौथीला संपायचं, आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. बाईंना वाटलं. त्यांनी मढच्या शाळेत जाऊन चौथी पास झालेल्या मुलींची यादी उतरवून आणली आणि आपल्या हजेरीपटात घातली.

हेडमास्तर भला माणूस, पण कागदाला घाबरणारा. त्यांनी बाईंना बोलावलं तेव्हा मी तिथेच वह्या तपासत बसलो होतो.

"बाई, हे रजिस्टर सरकारी आहे."

"म्हणूनच त्यात घातली."

"अहो, पण मुली दाखल नाहीत."

"पेन्सिलीने घातलीत. दाखल झाल्या की शाईने लिहीन."

"तपासनीस विचारतील, नऊ मुली वर्षभर गैरहजर कशा?"

"तेच मला हवंय," बाई म्हणाल्या. "कुणीतरी विचारू दे की."

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत डोकं घातलं.

बाई बुटक्या, काटकुळ्या, चाळिशीच्या पुढेमागे. नऊवारी नेसायच्या, बारा महिने छत्री बाळगायच्या. लग्न केलं नव्हतं, आणि आमच्या पारल्यातल्या लोकांनीही ते विचारायचं सोडून दिलं होतं, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हे. पारल्यातच भावाकडे राहायच्या. भाऊ गोदीतल्या कचेरीत होता. तो मला एकदा म्हणाला, "हिच्या हातची भाकरी जरा वाकडी झाली तर ही पीठ पुन्हा मळायला घेते. आम्ही ताटावर बसलेले." शाळेतही तेच. हेडमास्तरांच्या नातवासाठी त्यांनी स्वेटर विणायला घेतला होता. गळ्यापर्यंत आला, आणि कमरेपाशी एक टाका चुकलाय असं त्यांना दिसलं. दुसऱ्या कुणी मुकाट्याने पुढे विणलं असतं. बाईंनी सगळा उसवला. असं तीनदा झालं. नातू मोठा झाला, स्वेटर काही झाला नाही.

बोलणं बेताचं. मूल कविता म्हणताना अडखळलं की "हं. पुढे." शिपाई बायकोशी झालेलं भांडण रंगवून सांगत असला, तरी मध्येच "हं. पुढे." वेसाव्यात आल्या तेव्हा मासळीच्या वासाने जीव घाबरायचा म्हणून पहिला महिना रुमालात कापूर बांधून आणायच्या. कोळणी हसायच्या. एकीने विचारलं, "बाय, बोंबील देऊ का भाजून?" बाई म्हणाल्या, "वास घेतेय, तेवढा पुरे." त्यानंतर रुमाल गेला आणि कोळणींची आणि त्यांची गट्टी जमली.

त्या वर्षीच्या मार्चात बाई मढला गेल्या आणि नऊ घरांतल्या आयांना एका झाडाखाली गोळा केलं. मला सोबत नेलं होतं, पण माझा उपयोग छत्री धरण्यापुरता. सगळ्या बायांची नजर एकीवर. ती गंगूची आई, जानकी. उंच, काळीसावळी, हातातलं काम न थांबवता बोलणारी बाई. तिचा शब्द तिथे चालायचा.

"त्या होडीत बाप्ये बसतात," जानकी म्हणाली. "टोपल्यांचं पाणी गळतंय अंगावर. कवा सुटल, कवा येल, पत्ता नाय. माझी पोर बसल कुठं?"

"मुलींसाठी वेगळी होडी असली तर?" बाईंनी विचारलं.

"तर बघू."

"जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी होडी इथे उभी असेल."

"जूनलाच असू दे, बाय," जानकी म्हणाली. "पावसाळा सरला की मी पोरीला बोंबलाच्या कामाला घेणार. एकदा पोर कामाला लागली का मंग शाळा कसली."

परत येताना मी म्हटलं, "बाई, त्या फक्त 'बघू' म्हणाल्या." बाई म्हणाल्या, "नाही म्हणाल्या नाहीत ना?" होडी कुठून आणणार हे मी विचारलं नाही, कारण ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

होडी मिळाली ती महादूबाबाकडून. हा वेसाव्यातला म्हातारा कोळी. त्याच्या मुलांनी इंजिनाची नवी होडी घेतली होती आणि बाबाला घरी बसवलं होतं. त्याची जुनी, वल्ह्यांची होडी वर्षभर माडांच्या सावलीत पालथी पडलेली. बाईंनी विचारलं तर म्हातारा म्हणाला, "ने की. मी पण रिकामाच हाय. वल्ही मी मारतो." बाई तिथल्या तिथे होडीभोवती फिरल्या. पाण्याखाली राहणारा तिचा सगळा भाग जुन्या रंगाने माखलेला होता. कुठे पोपडे सुटलेले, कुठे फोड आलेले, कुठे मेलेल्या शिंपल्यांची पांढरी कडी चिकटून राहिलेली. एका पोपड्याखाली हिरवा रंग, हिरव्याखाली लाल, त्याखाली डांबर, त्याखाली आणखी काहीतरी निळं. म्हाताऱ्याने तीस वर्षं दर मोसमाला जुन्यावर नवा थर चढवला होता.

धोंडू मेस्त्रीला बोलावलं. हा मालवणकडचा, आधी गिरणीत होता, मग तिथलं सुटलं आणि वेसाव्याच्या किनाऱ्यावर होड्यांची सुतारकी करू लागला. विडी ओढत त्याने होडी ठोकून पाहिली.

"बाई, जो रंग धरून ऱ्हवलो हा, तो ऱ्हवांदे. सुटलो हा तेवढो खरवडा नि वर नवो मारा. चार वर्सां जातीत."

"खाली काय आहे ते कळणार कसं?"

"खाली लाकूड आसा. आनी काय आसतला?"

"मग ते दिसू दे," बाई म्हणाल्या. "मेस्त्री, दुसऱ्यांच्या मुली बसवायच्यात. लाकूड दिसेपर्यंत काढायचा."

मेस्त्रीने माझ्याकडे पाहून खांदे उडवले. दुसऱ्या दिवशी त्याने जुन्या कानशीचं पातं ठोकून, वाकवून, लाकडी मुठीत बसवून बाईंना एक खरवडणी करून दिली. हे काम बाई दोन दिवसांत सोडतील अशी त्याची अटकळ असावी. माझी तर होतीच.

मेच्या सुट्टीत सारं पारलं गावाला जातं. बाई रोज सकाळी सात वाजता वेसाव्याच्या किनाऱ्यावर. पदर खोचलेला, नाकातोंडाला फडकं बांधलेलं, डोळे तेवढे उघडे. शिंपले आणि किडा धरू नये म्हणून होडीच्या तळाच्या रंगात विष घालतात, हे मला तिथे कळलं. सुका खरवडला की त्याची भुकटी नाकात जायची, डोळे चुरचुरायचे. मेस्त्रीने सांगितलं, पाणी मारून ओलाच खरवडा. बाई एका हाताने डब्यातलं पाणी शिंपडत, दुसऱ्या हाताने ओढत. ओढायचं ते लाकडाच्या रेषेने, आडवं नाही; आडवं ओढलं की चरे पडतात. पहिल्या दिवशी त्यांनी हातभर जागा साफ केली. दुसऱ्या दिवशी त्याहून कमी, कारण तळहाताला फोड आले होते.

मी आठवड्यातून तीनदा जायचो. मदत करायचो म्हणणं धाडसाचं होईल. खरवडायचो आणि लवकरच "बाई, ही बाजू झाली" असं जाहीर करायचो. बाई यायच्या, डोळे मिटून तळहात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "अहो जोशी, इथे हिरवा राहिलाय." डोळे मिटून हिरवा कसा कळतो हे मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "राहिलेला कळतो. हिरवा मी अंदाजाने म्हणते." किनाऱ्यावर जाळी विणत बसलेले कोळी आधी हसायचे. मग त्यांच्यातला कुणी ना कुणी रोज येऊन तळाला हात लावून जायला लागला. जेवढं लाकूड उघडं झालं होतं तेवढं पाहायला यायचे, असं वाटायचं.

नवव्या की दहाव्या दिवशी तळाच्या मधल्या कण्याजवळ बाईंची खरवडणी एकदम आत रुतली. तिथे लाकूड नव्हतंच. वीतभर जागेत फळी कुजली होती, आणि खळग्यात चुना नि तेल मळून भरून, वर रंग फासून सगळं सारखं करून टाकलं होतं. बाईंनी बोटाने ते उकरलं. मेस्त्री शेजारीच उभा होता. त्याचा चेहरा उतरला. मला तेव्हा उमगलं की हे ठिगळ कुणाच्या हातचं आहे. जुना रंग राहू द्या असा त्याचा आग्रह का होता, तेही उमगलं. महादूबाबा लांब झाडाखाली बसला होता. बाईंनी त्याला हाक मारली नाही. मेस्त्रीला एवढंच म्हणाल्या, "ही फळी बदलावी लागेल." मेस्त्रीने मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाईंच्याही आधी येऊन बसला होता, सागाची नवी फळी घेऊन. ती त्याने अशी बसवली की सांधा शोधावा लागे.

त्यानंतर चार दिवसांनी मेस्त्री गावी गेला. मे महिन्यात कोकणातला माणूस मुंबईत राहत नाही. जाताना बाईंना बजावून गेला: "दुपारचा गोणपाट भिजवन वर घालत ऱ्हवा. लाकूड उघडा टाकू नकात." बाईंनी चार दिवस गोणपाटं भिजवून घातली. पाचव्या दिवशी रंगाचे डबे आले.

आता जे घडलं त्यात माझा हात होता, म्हणून ते नीट सांगितलं पाहिजे. डबे बाईंच्या भावाने गोदीतल्या ओळखीने मिळवले होते. परदेशी रंग, तांबडा, वर बारीक इंग्रजी. बाईंचं इंग्रजी बेताचं. त्यांनी डबा माझ्यापुढे धरला. मला तिथे पहिल्यांदाच काहीतरी किंमत आली होती. मी चष्मा पुसला आणि वाचून दाखवलं की रंग देण्याआधी लाकूड पूर्ण कोरडं हवं.

"पूर्ण म्हणजे?"

"पूर्ण म्हणजे अगदी आतपर्यंत," मी म्हणालो. आतपर्यंत असं डब्यावर नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं.

"पण मेस्त्री तर भिजवा म्हणाले."

"बाई, कंपनीने छापलंय ते विचार करूनच छापलं असेल ना."

महादूबाबाला विचारलं. त्याने डबा फिरवून फिरवून पाहिला. "आमच्या वक्ताला चुना नि तेल," तो म्हणाला. "ओल्यावर पण चालायचं. ह्यो नवा रंग. डब्यावर लिवलंय म्हणता तर असल." साठ वर्षं पाण्यात काढलेला माणूस, पण छापील अक्षरापुढे तो गप्प बसला. बाई तर छापील अक्षरावर वाढलेल्या. आणि करायचं ते पुरतं, हा त्यांचा स्वभाव. गोणपाटं काढली, होडी माडांच्या सावलीतून उन्हात ओढून घेतली, आणि ते उघडं लाकूड पंधरा दिवस मेच्या उन्हात तापवलं. हात लावला तर चटका बसायचा. बाईंचं समाधान झालं तेव्हा दोन हात रंग दिला. इतकी देखणी होडी त्या किनाऱ्यावर दुसरी नव्हती.

शाळा उघडायला पाच दिवस होते. सकाळची भरती साधून होडी पाण्यात लोटायचं ठरलं. मढहून जानकी आणि तिच्याबरोबर पाच-सहा बाया आल्या, पोरी घेऊन. हेडमास्तर कोट घालून आले. नारळ फुटला, दहा-बारा कोळ्यांनी होडी उचलून पाण्यात सोडली, आणि ती तरंगली. सगळे खूश. मग महादूबाबा आत वाकून पाहू लागला. पाणी एका जागेतून येत नव्हतं, सगळ्या सांध्यांतून येत होतं, प्रत्येक दोन फळ्यांच्या मधून, चाळणीतून यावं तसं. म्हाताऱ्याने उपसायला घेतलं, आणखी दोघे उतरले, पण पाऊण तासात होडी काठापर्यंत भरली आणि उथळ पाण्यात तळाला टेकली. पाण्यावर तांबड्या रंगाची एक कड तेवढी दिसत होती.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बाई गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. जानकी त्यांच्यापाशी आली. तिचा आवाज कडू नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

"बाय, रंग बरा हाय तुझा," ती म्हणाली. "पण माझी पोर रंगात नाय बसायची, होडीत बसायची."

मढच्या बाया पोरींना घेऊन तरीच्या होडीने परत गेल्या. गंगू सारखी मागे वळून बघत होती. महादूबाबा म्हणत होता, "फुगल, बाय, लाकूड फुगल," पण त्याच्याही आवाजात जोर नव्हता. इतके फाकलेले सांधे त्याने पाहिले नव्हते. बाई "हं" म्हणाल्या. त्या दिवशी त्यापुढचा शब्द त्यांना सुचला नाही. मी घरी जाऊन जेवलो नाही. बाईंनी मला एका शब्दाने दोष दिला असता तर मला जेवण गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मेस्त्री गावाहून आला, तो सामान घरी टाकून सरळ किनाऱ्यावर. पाण्यात उतरला, सांध्यांतून बोट फिरवलं, आणि हसत वर आला.

"बुडूक नाय ती, बाई. पाणी पिता हा. तान लागली होती तिका."

मग त्याने सांगितलं: लाकूड वाळलं की आकसतं आणि सांधे उघडतात, म्हणून गोणपाटं. आता तिला दगड घालून तीन दिवस बुडतीच ठेवायची. "फळ्यो फुगतीत, सांधे आपसूक बसतीत. सांध्यावरचो रंग फुटतलो, तो फुटांदे."

"मेस्त्री, चूक माझी," बाई म्हणाल्या. "तुम्ही सांगून गेला होतात."

मेस्त्री विडी शिलगावत म्हणाला, "माझा ठिगळ तुमी कोणाक सांगलास नाय. ह्यां मी कोणाक सांगूचंय नाय."

"तुम्ही सांगू नका. मी सांगणार आहे."

ज्या होडीत पाणी शिरू नये म्हणून महिनाभर रक्त आटवलं, तिच्यात बाईंनी स्वतःच्या हाताने दगड भरले. तीन दिवस ती पाण्याखाली राहिली. चौथ्या दिवशी दगड काढले, पाणी उपसलं, मेस्त्रीने दोन ठिकाणी सांध्यात सूत ठासलं. पुन्हा पाणी आलं नाही. बाई आत बसून दोन तास तळाकडे बघत राहिल्या. नाहीच आलं.

पण मढच्या बायांना हे कोण पटवणार? होडी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बुडाली होती. शाळा उघडली त्या दिवशी पहाटेचं झुंजूमुंजू सरताच बाई होडीत बसल्या, महादूबाबाने वल्ही घेतली, आणि दोघं मढच्या काठाला लागली. किनाऱ्यावर रोजच्या बाया होत्या. बाईंनी आधी सांगून टाकलं: "डब्यावर छापलेलं मी खरं धरलं आणि मेस्त्रींचं ऐकलं नाही. म्हणून बुडाली. आता पाणी येत नाही." ते डब्यावरचं कुणी वाचून दाखवलं होतं, याचा उल्लेख नाही, तिथे नाही आणि पुढे कधीच नाही. मग त्यांनी मेणकापडातून हजेरीपट काढला आणि ओल्या वाळूवर उभं राहून नावं घेतली. गंगू पांडुरंग. सखू हरी. नऊच्या नऊ. प्रत्येक नावानंतर थांबल्या. कुणी आलं नाही. नवांपुढे खुणा केल्या आणि परत आल्या. शाळेत अकराला पुन्हा तीच नावं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. तिसऱ्या दिवशी पोरं त्यांची नक्कल करू लागली. पाऊस लागला तेव्हा एका हातात छत्री, एका हातात पट. खाडी खवळलेली असली तर महादूबाबा नाही म्हणायचा, तेवढे दोन दिवस चुकले. मी एकदा बरोबर गेलो. तो रिकामा काठ, ते एकेक नाव, आणि पाण्याचा आवाज; मला खाली बघावंसं वाटलं. परतताना मी म्हणालो, "बाई, किती दिवस?" त्या म्हणाल्या, "वर्षाचे दिवस पटात छापलेले आहेत."

दहाव्या दिवशी काय झालं ते महादूबाबाने मला सांगितलं. जानकी डोक्यावरची टोपली खाली ठेवून होडीपाशी आली. म्हाताऱ्याला म्हणाली, वर ओढ वाळूत. तिने आत वाकून तळाला हात लावला, सांध्यांवरून बोट फिरवलं आणि ते अंगठ्यावर चोळून पाहिलं. कोरडं होतं. मग बाहेरून, गुडघे टेकून, हात पोचेल तिथपर्यंत तळ चाचपला.

"ह्यो जुना रंग कुणी काढला?"

"बायनं," महादूबाबा म्हणाला. "एकटीनं. महिना लागला."

जानकीने बाईंचे हात बघायला मागितले. हातांवर अजून चट्टे होते. ते बघून ती टोपली उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पहिलं नाव घेतलं तेव्हा गंगू समोर उभी होती. तेल चोपडलेले केस, हातात पाटी. काय म्हणायचं ते तिला ठाऊक नव्हतं. मागून जानकी म्हणाली, "बोल की गो. हजर बोल." बाईंनी होडीच्या काठावर पट टेकवून ते नाव शाईने लिहिलं. अक्षर वाकडं आलं. मी तो पट पाहिला आहे. बाईंच्या हातचं तेवढंच एक वाकडं अक्षर, आणि ते त्यांनी खोडून पुन्हा लिहिलं नाही.

दिवाळीपर्यंत सहा मुली आल्या. तिघी कधीच आल्या नाहीत. त्यांची नावं मार्चअखेरपर्यंत रोज घेतली गेली.

त्या उन्हाळ्यात बाईंची बदली मुलुंडला झाली. शेवटच्या दिवशी शाळेत निरोपाचा समारंभ झाला. हेडमास्तरांचं भाषण लांबलं. हार घालून झाला आणि पुढे बघतो तर बाई नाहीत. मी किनाऱ्यावर गेलो. होडी पालथी घातलेली, ती टेकवलेल्या ओंडक्यावर हार ठेवलेला, आणि बाई चांगल्या साडीचा पदर खोचून खरवडत बसलेल्या. मेस्त्री वैतागला होता. "यंदा नुसता घासलां तरी चलात, सांगतंय तरी ऐकनत नाय." सहाच्या सहा मुली जूनमध्ये येणार की नाही, होडी कोण बघणार, या काळजीने त्यांचा हात चालत होता, ते त्या बोलल्या नाहीत, पण मला दिसत होतं. बसची वेळ झाली होती. मी दोनदा सांगितलं.

एवढ्यात मढहून तरीची होडी लागली आणि जानकी उतरली. बरोबर आणखी तिघीजणी. तिने आल्या आल्या बाईंपुढे हात केला.

"दे ती खरवडणी. तुझी गाडी जाईल."

"तुम्हाला कामं आहेत, जानकीबाई."

"हाईत. ही होडी पण हाय."

बाईंनी खरवडणी दिली. दिली खरी, पण हलल्या नाहीत. जानकीने हातभर जागा खरवडली. बाईंनी डोळे मिटून तळहात फिरवला आणि म्हणाल्या, "अजून." जानकीने पुन्हा ओढलं, लाकडाच्या रेषेने, जोर लावून. बाईंनी पुन्हा हात फिरवला. मग छत्री उचलली, मेस्त्रीला नमस्कार केला आणि निघाल्या. हार तिथेच राहिला.

आम्ही वाळूतून वीसेक पावलं गेलो असू. मागून जानकीचा आवाज आला. ती बरोबरच्या बाईवर खेकसत होती: "अगो, तिथं लाल राहिलाय बघ. वर वर नको काढू. लाकूड दिसू दे."

बाईंनी ते ऐकलं. वळून मात्र पाहिलं नाही. पावलं जरा लवकर उचलली आणि बसमध्ये चढल्या.